मुंग्यांचा पिक्चर

धावड्याला उतरून कुणालाही विचारा की उषाबाई कुठं राहतात, तो तुम्हालाच उलटं विचारील, कोणत्या उषाबाई? गावात त्या नावाच्या बाया काय कमी आहेत? मग तुम्ही म्हणायचं, मुंग्यांच्या पिक्चरवाल्या. झालं. तो माणूस हातातलं काम टाकून तुम्हाला घरापर्यंत सोडायला येईल आणि वाटेत त्या पिक्चरची गोष्टही सांगायला लागेल, तुम्हाला ऐकायची असो वा नसो. धावड्याच्या माणसांची ही खोडच आहे, तिला इलाज नाही.

आता मुंग्या म्हणजे काय, तेही सांगायला पाहिजे. टीव्हीवर चित्र सोडून नुसते पांढरे-काळे ठिपके वळवळायला लागले की आपल्याकडं मुंग्या आल्या म्हणतात. ज्यांनी माळवदावर चढून अँटेना फिरवला आहे आणि खालून "आला, आला, गेला" हे ऐकलं आहे, त्यांना हे सांगायची गरज नाही. पण आता घरोघर डिशच्या छत्र्या बसल्या, सीडीच्या चकत्या आल्या, आणि आताच्या पोरांना मुंग्या म्हटलं की साखरेचा डबाच आठवतो. म्हणून सांगितलं.

उषाबाईचं माहेर बदनापूरचं. स्टेशनच्या पलीकडं तिच्या बापाचं, रखमाजीचं, थोडंसं रान होतं. बापाला ती दादा म्हणायची. ज्वारीचं खळं लागलं की रखमाजी तिवईवर चढून उपणायला उभा राहायचा आणि खालून उषा टोपली भरून वर द्यायची. उपणायला वारा लागतो. वारा असला तर दाणा पायाशी पडतो आणि भुसा लांब उडून जातो. वारा पडला की सगळं काम ठप्प. मग रखमाजी तिवईवरच बूड टेकायचा आणि वारा येईपर्यंत गोष्ट सांगायचा. राक्षस, राजकन्या, बोलणारे पोपट, काय वाटेल ते. गोष्ट अशी रंगवायचा की खळ्यावरची माणसं वारा येऊ नये म्हणून मनातल्या मनात देवाला हात जोडायची. पण वारा काय कुणाच्या बापाचा नोकर आहे? राक्षसानं राजकन्येच्या वेणीला हात घातला रे घातला, की नेमकी लिंबाची पानं हलायची. रखमाजी गोष्ट जागच्या जागी तोडायचा आणि म्हणायचा, "वारा आला, उठा."

उषा खालून विचारायची, दादा, पुढं काय झालं? रखमाजी म्हणायचा, टोपली दे. दुसऱ्या दिवशी विचारलं तर तो दुसरीच गोष्ट सुरू करायचा, कारण पहिली तो साफ विसरलेला असायचा. ह्या पोरीनं बापाच्या तोंडून ढीगभर गोष्टी ऐकल्या आणि त्यातली एकही पुरी ऐकली नाही. त्याचा तिला राग होता, आणि लग्न झालं तरी तो राग गेला नव्हता.

धावड्यात तिला दिली ती तातेरावाला. तातेराव म्हणजे काय वल्ली होती ते बघा. माणूस शेतकरी, पण जीव सगळा टीव्हीच्या पेटीत. गावातला पहिला कलर टीव्ही आणि व्हीसीआर त्याचा. लग्न असो, बारसं असो, गणपती असो, लोक तातेरावाला बोलवायचे. व्हिडिओवाले तेव्हा भोकरदन तालुक्यात पैशाला पासरी झाले होते, पण तातेरावाचं म्हणणं एकच, आपली प्रिंट क्लिअर. जालन्याला मस्तगडात एक कॅसेटवाला होता. त्याच्या दुकानात बसून तातेराव कॅसेट आधी लावून बघायचा, मग घ्यायचा. थेटरात बसून चोरून काढलेली, कॉपीवरून कॉपी मारलेली असली कॅसेट त्याच्या पिशवीत कधी यायची नाही. सकाळी तोंड धुवायच्या आधी तो पांढऱ्या कागदाला स्पिरिट लावून मशीनचं हेड पुसायचा. बैलगाडीतून टीव्ही न्यायचा झाला तर दोन गोधड्यांत गुंडाळून मांडीवर घेऊन बसायचा. पोटच्या लेकरालासुद्धा कुणी असं धरत नाही, असं उषाबाई शेजारणीला सांगायची, आणि ते काही खोटं नव्हतं. पडद्यावर एखादी मुंगी दिसली तरी त्याचं जेवण कमी व्हायचं.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासू तुळजाबाई. तिचा कायदा असा, की सुनेचा आवाज चुलीपासून ओसरीपर्यंत गेला तर घराची अब्रू गेली. त्यामुळं घरात बोलायचं काम तातेरावाकडं, टोमणे मारायचं काम तुळजाबाईकडं, आणि उरलं ते ऐकून घेणं, ते उषाबाईकडं. तशी ती बोलकी होती. माहेरी तिच्या तोंडाला कुणी लागायचा नाही. धावड्यात आल्यावर तिनं ते तोंड पदराच्या गाठीत बांधून ठेवलं होतं, एवढंच.

मग ती कॅसेट आली. साल अठ्ठ्याऐंशी असावं. तातेराव गणपतीसाठी देवादिकांचे पिक्चर आणायला मस्तगडला गेलता. दुकानदारानं एक कॅसेट वरून आपणहून पिशवीत टाकली. म्हणाला, पोरांची आहे, विलायती आहे, तिकडच्या कुठल्याशा पोरांच्या पुस्तकावरून काढलेली, एकदम जादूची. एस.टी. सुटायला आली होती, म्हणून जन्मात एकदा तातेरावानं न बघता कॅसेट घेतली. घरी येऊन लावली आणि त्याचं तोंड कडू झालं. कॉपीची कॉपी, तिची कॉपी, आणि तीसुद्धा कुणीतरी रांजणात बुडवून काढलेली असावी. रंग सगळे उडून शेवाळी झालेले. माणसं म्हणजे नुसते काळे डाग. बोलणं इंग्रजी, तेही डोक्यावर गोधडी घेऊन बोलल्यासारखं. जसजसा पिक्चर पुढं जाईल तसतशा मुंग्या वाढत जायच्या, आणि शेवटाला तर पडदाभर मुंग्यांचं वारूळच फुटायचं. तिथंच टेप संपायची. तातेरावानं ती कॅसेट फडताळात सगळ्यात वर, भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि तिचं नाव काढायचं नाही असं घरात बजावलं.

एका रविवारी दुपारी तातेराव रानात होता. लाइट आलेली होती, आणि गल्लीतली पोरं ओसरीवर येऊन बसली होती, काकू काहीतरी लावा ना म्हणून. घरात दुसरी कॅसेट नव्हती. उषाबाईनं खिडक्यांना बारदान लावलं, अंधार केला आणि फडताळातली ती कॅसेट काढून मशीनला घातली. पडद्यावर डाग हलायला लागले, डबक्यातनं आल्यासारखा आवाज यायला लागला. पोरं चुळबुळली. दोघं-तिघं उठायलासुद्धा लागली. तेवढ्यात उषाबाईला पडद्यावर काय दिसलं म्हणता? टेकडीवर माणसं उभी होती, एकाशेजारी एक, उंच तिवईवर, हात पसरून. उपणायला चढलेली आणि तशीच थांबलेली. तिला ती स्वच्छ दिसली. तिच्या तोंडातनं आपोआप शब्द गेले.

"थांबा रे. वारा पडलाय म्हून ते थांबून राह्यलेत."

पोरं बसली. मग उषाबाई बोलतच गेली. त्या मुलखातला वारा एका थेरड्यानं पेटीत कोंडून ठेवला होता. वारा नाही म्हणून खळी पडून होती, रास होत नव्हती, भाकरी मिळत नव्हती. एका पोरीला हे कळलं. तिचं नाव उषाबाईनं गंगी ठेवलं. गंगी कोरड्या आडात उतरून त्या मुलखात गेली. सोबत तिची पांढरी शेळी. शेळी मोठी शहाणी, तिला वाऱ्याचा वास यायचा. चित्र वर-खाली उड्या मारायला लागलं की थेरडा घोरतोय. चित्र वाकडं झालं की त्यानं कूस बदलली. आणि शेवटी गंगीनं पेटी उघडली, पडदाभर मुंग्या उसळल्या, तेव्हा उषाबाई ओरडली की वारा सुटला, बघा, भुसा उडाला. पोरांनी डोळ्यांत भुसा जाऊ नये म्हणून खरोखर डोळ्यांवर हात धरले. टेप संपली. पुढं काय हे तिला तरी कुठं माहीत होतं? तिनं बापासारखंच म्हटलं, "वारा आला, उठा." पोरं टाळ्या पिटत उठली.

पुस्तकाचा पिक्चर विलायतेत झाला होता. पिक्चरची गोष्ट धावड्यात झाली.

त्यानंतर दर रविवारी पोरं यायची. येताना कुणी मूठभर शेंगा, कुणी बोरं घेऊन यायचं. तातेरावानं दुसरे चांगले, काचेसारखे पिक्चर लावून दाखवले, पण पोरं म्हणायची, मुंग्यांचा लावा. तुळजाबाईनं आधी आदळआपट केली, सून तमाशातल्यासारखी बोलती म्हणाली. मग एकदा लसूण सोलायच्या निमित्तानं मागं येऊन बसली, आणि मग लसूण नसला तरी बसायला लागली. त्या एका तासात उषाबाई कुणाची सून नव्हती, कुणाची बायको नव्हती. ती बोलायची आणि घर ऐकायचं. तिला फार बरं वाटायचं. आठवडाभर भाकरी थापताना ती रविवारची वाट बघायची, आणि हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

तातेराव मात्र त्या तासाला बाहेर जाऊन बसायचा. तातेरावाच्या घरी मुंग्या, हे कुणी म्हणालं तर? पाहुण्यारावळ्यांत तोंड कसं दाखवायचं? बायको चांगलं सांगते हे त्याला कळत होतं, पण त्याच्या हिशेबात ती बिचारी खराब प्रिंटीचा भार उचलत होती. प्रिंट चांगली असती तर तिला घसा फोडायची पाळी आली नसती, असं त्याला मनापासून वाटायचं. बायकोचं सुख ह्या माणसाला असं बरोबर उलटं दिसत होतं.

अशी काही वर्षं गेली. रखमाजी म्हातारा झाला, त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शिबिरात जाऊन त्यानं ऑपरेशन करून घेतलं, जाड भिंगाचा चष्मा लागला, आणि त्याला पुन्हा लांबचं दिसायला लागलं. त्यानं निरोप पाठवला की धावड्याला येतो. उषी तिकडं गोष्ट सांगते असं ऐकून राह्यलो, ती ऐकायची आहे. निरोप ऐकून उषाबाईच्या अंगात जणू वारं भरलं. घर सारवलं, बारदानं धुऊन वाळत घातली. चुलीपुढं बसून ती तोंडातल्या तोंडात गोष्ट घोळवायला लागली. गोष्टी सांगायला ती ज्याच्यापाशी शिकली, त्याच्यापुढं सांगायची होती. तिचा जीव त्या एका रविवारात अडकला होता.

इकडं तातेरावाचं डोकं चाललं. सासऱ्याचे डोळे आत्ता क्लिअर झालेत, आणि त्या नव्या डोळ्यांना आपण मुंग्या दाखवायच्या? शोभतं का जावयाला? शनिवारी तो पहाटेच्या गाडीनं जालन्याला गेला आणि दिवस मावळता परत आला तो हसतच. मस्तगडच्या दुकानदारानं कुठून कुठून शोधून त्याच पिक्चरची मास्टर प्रिंट मिळवली होती. पूर्ण पिक्चर, आणि हिंदीत बोलणारा. तातेरावानं नव्या खोक्यातली कॅसेट उषाबाईच्या हातात दिली.

"बिलकुल काचेवानी हाय. आता तुला घसा कोरडा करायचं काम न्हाई."

उषाबाई म्हणाली, बरं केलं. दुसरं काय म्हणणार? माणूस एवढ्या लांब जाऊन तिच्या बापासाठी घेऊन आला होता. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही, तिनं पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

रविवारी दुपारी खोली ठेचून भरली. पोरं खाली, तुळजाबाई मागं भिंतीला, आणि पुढं पाटावर रखमाजी, नवा चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसत. तातेरावानं पांढरा शर्ट घातला होता. उषाबाई सवयीनं टीव्हीशेजारी आपल्या जागेवर जाऊन बसली. तातेरावानं बटण दाबलं, आणि काय सांगावं, चित्र असं स्वच्छ आलं की पोरांनी आ वासला. हिरवं गवत हिरवं, आकाश निळं. तातेरावानं सासऱ्याकडं बघितलं, मग सगळ्यांकडं बघितलं. त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात क्लिअर प्रिंट होती.

आणि मग एकेक बाहेर यायला लागलं. टेकडीवर तिवईवर उभी राहिलेली माणसं म्हणजे माणसं नव्हतीच. त्या पवनचक्क्या होत्या. गंगीची पांढरी शेळी म्हणजे केसाळ कुत्रा निघाला, आणि तो दिसला तेव्हा पोरांनी एकदम उषाबाईकडं वळून बघितलं. थेरडा म्हणून जो सांगितला होता ती एक म्हातारी होती, ओठ रंगवलेली, कानांत डूल घातलेली. पोरं एकमेकांना विचारत होती, शेळी कव्हा येणार? उषाबाईचे कान तापले. तिला वाटलं, जमीन फाटावी आणि पोटात घ्यावं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मध्येच रखमाजी तिच्याकडं झुकला आणि म्हणाला, तू कव्हा बोलणार? ती हळूच म्हणाली, "ते बोलून राह्यले ना, दादा." म्हातारा पुन्हा सरळ बसला. पण आता तो पडद्याकडं बघत नव्हता, पोरीकडं बघत होता.

हिंदीतून कळलं ते असं, की त्या म्हातारीनं मुलखातलं हसू चोरून पेटीत कोंडलं होतं. वाऱ्याचं नावसुद्धा नव्हतं. पोरीनं पेटी उघडली, हसू बाहेर आलं आणि पडद्यावरची माणसं पोट धरून हसायला लागली. खोलीत कुणी हसलं नाही. शेजारच्या काकासाहेबांची बेबीनंदा, पाच-सहा वर्षांची चिमुरडी, कुणाला भिणारी नव्हती. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, वारा कुठंय?

तातेरावानं मशीन थांबवलं. समजावून सांगितलं, की ह्या पिक्चरात वारा नाहीच, नव्हताच कधी. मागं बसलेल्या एका मोठ्या पोरानं विचारलं, मग काकू इतके दिवस खोटं सांगत होत्या का? उषाबाईनं मान खाली घातली. पण बेबीनंदानं त्या पोराला गप केलं आणि निकाल देऊन टाकला.

"काकू खोटं न्हाई सांगत. हा पिक्चर डुप्लिकेट हाय."

सगळ्या पोरांना ते एका क्षणात पटलं. डुप्लिकेट, डुप्लिकेट, असा एकच गलका झाला. तातेरावाच्या छातीत त्या शब्दानं काय झालं असेल! सगळ्या तालुक्यात मास्टर प्रिंटसाठी नाव काढलेला माणूस, त्याला त्याच्याच घरात बेबीनंदानं डुप्लिकेट ठरवलं. पोरं म्हणाली, जुना लावा, वरिजनल लावा. मग तातेरावानं खरं ते सांगून टाकलं. जुनी कॅसेट आता नव्हती. ती मस्तगडला नेऊन त्यानं तिच्यावरच हा नवा पिक्चर भरून आणला होता. नाहीतरी फेकायचीच होती, असं तो म्हणाला आणि म्हणता म्हणता त्याचं त्यालाच ऐकवेना.

उषाबाईनं ते ऐकलं. चहा ठेवते म्हणाली आणि आत गेली.

चुलीपुढं बसून ती रडली. त्यात लपवायचं काय? तिचा रविवार पुसला होता, तोही प्रेमानं पुसला होता, म्हणजे भांडायचीसुद्धा सोय नव्हती. बापापुढं तिची गोष्ट खोटी पडली ती पडलीच. बाहेर पोरांचा आवाज बंद झाला होता. तुळजाबाई कुणाला तरी म्हणत होती, की सून बोलणार नसेल तर मी कशाला बसू, माझं अंग दुखतंय. मग रखमाजीचा आवाज आला, सावकाश, खळ्यावर बोलायचा तसाच.

"जावईबापू, डोळे मला डॉक्टरनं दिले. मी इथं कान घेऊन आल्तो."

मग मशीन टेप मागं घेत असल्याचा आवाज आला. उषाबाईनं डोळे पुसले, चहा गाळला. तेवढ्यात तातेरावानं बाहेरून तिला हाक मारली, उषा म्हणून, नावानं. आईदेखत त्यानं तिचं नाव कधीच घेतलं नव्हतं.

ती चहाचं ताट घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद होता. तातेराव मशीनपुढं उकिडवा बसला होता, ट्रॅकिंगचं बटण चिमटीत धरून. जन्मभर ते बटण त्यानं मुंग्या घालवायला फिरवलं होतं. आता तो ते उलटं फिरवत होता, आणि दाढ उपटून घेताना माणसाचा होतो तसा त्याचा चेहरा झाला होता. पडद्यावर पट्टे आले, रंग फाटले, कडेनं मुंग्या चढायला लागल्या. त्यानं वळून बायकोकडं बघितलं.

"एवढ्या बास का अजून पायजे?"

उषाबाईनं पडद्याकडं बघितलं. टेकडीवरच्या पवनचक्क्या पुसट झाल्या होत्या, पण अजून चक्क्याच होत्या. "थोड्या अजून," ती म्हणाली. तातेरावानं दात आवळून बटण आणखी एक केस फिरवलं. चक्क्यांची पाती डागांत मिसळली, आणि माणसं आपापल्या तिवईवर परत येऊन उभी राहिली.

ताट तुळजाबाईच्या हातात देऊन उषाबाई आपल्या जागेवर बसली. मग वारा पडला, खळी थांबली, गंगी आडात उतरली, आणि कुत्र्याची शेळी झाली तेव्हा पोरांनी तिला टाळ्या वाजवून घरात घेतलं. ओठ रंगवलेली म्हातारी मुंग्यांच्या आड गेली आणि थेरडा घोरायला लागला. रखमाजी पाटावरून खाली सरकून पोरांत येऊन बसला होता. हे तर आपलं खळं आहे, असं तो शेजारच्या पोराला सांगत होता, आणि ते पोरगं आधीपासूनच ठाऊक असल्यासारखी मान हलवत होतं. उषाबाई बापाकडं बघत नव्हती. बघितलं असतं तर पुन्हा रडू आलं असतं, आणि आता तिला रडायला सवड नव्हती.

गंगीनं पेटीला हात घातला. तातेरावाला काही सांगावं लागलं नाही. त्यानं बटण एका टोकापर्यंत फिरवलं आणि पडदाभर मुंग्या उसळल्या. वारा सुटला. पोरांनी डोळ्यांवर हात धरले. भुसा उडत होता, आणि रखमाजीचे म्हातारे पाय आपले आपण उभे राहिले. त्याच्या तोंडातनं सवयीनं निघालं, "वारा आला, उठा." पोरंही उठायला लागली, कारण गोष्ट तिथंच संपते हे त्यांनाही पाठ होतं.

"बसा, दादा," उषाबाई म्हणाली. "आज गोष्ट पुरी व्हायची हाय."

तातेरावानं बटण हळूहळू परत फिरवलं. मुंग्या विरळ झाल्या, मग गेल्या, आणि भुसा उडून गेल्यावर रास दिसावी तसं चित्र स्वच्छ झालं. हे खोलीतल्या कुणीच कधी बघितलं नव्हतं. गंगी आडात होती, दगडाला धरून वर चढत होती, आणि वरून कुणाचा तरी हात तिच्याकडं खाली येत होता. हात कुणाचा, हे अजून दिसत नव्हतं. उषाबाई पडद्याकडं बघून, जरा श्वास घेऊन थांबली. उठलेली पोरं परत बसली. रखमाजीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पोरांमध्ये मांडी घालून बसला.

"मंग?" तो म्हणाला. "पुढं काय झालं?"